उमेद मागाहून येते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ जोयडा तालुक्यातल्या दिग्गीत हे व्याख्यान आहे, त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मात्र इथल्या मंडळींनी मला सांगितली आणि आजचा विषय तिथेच ठरला. निकालाच्या दिवशी गुरुजी पास झालेल्यांचे पेढे नंतर खायचे. आधी नापास झालेल्या मुलाच्या घरी जायचे. तिथे बसून उपदेश करायचे नाहीत. सोमवारी कुठल्या धड्यापासून सुरुवात करायची एवढं त्या मुलाशी ठरवायचे आणि उठायचे. मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं यात आलं. पण तासभर बोलायचं कबूल केलंय, त्यामुळे आता सुटका नाही, माझीही आणि तुमचीही.

मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसाला उमेद कुठून मिळते, आणि गेलेला आत्मविश्वास परत येतो तो कसा, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. बेळगावात शिक्षकी केली, आता निवृत्त आहे. या विषयाशी माझा संबंध घरातून आला. माझ्या थोरल्या भावाला, आम्ही त्याला दादा म्हणतो, विशीत स्किझोफ्रेनिया झाला. घरच्या माणसाला जेवढं कळतं तेवढं मला कळतं, आणि पुढे वाचून, विचारून जे समजलं ते त्यात मिळवून मी बोलणार आहे.

सुरुवात घाटाखालून करतो. पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा पाहिला असेल. झग्यातला एक उंच माणूस हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडवला. मंत्रतंत्राचं काहीतरी चाललंय, असं वाटून पुष्कळजण पुढे जातात. तो माणूस म्हणजे कांदोळीला १७५६ साली जन्मलेला आबे फारिया, संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक.

त्याची एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. तरुण फारिया पाद्री झाला होता आणि पोर्तुगालच्या राणीसमोर त्याला प्रवचन करायचं होतं. समोर दरबारातली बडी मंडळी पाहून त्याची वाचाच बसली. वडील जवळच होते. ते हळूच कोंकणीत म्हणाले, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि पोरगा बोलू लागला. गोष्ट खरी की रचलेली, हे बाजूला ठेवा. पुढे फारियाने जे मांडलं ते मात्र छापील आहे. त्या काळी पॅरिसमध्ये समजूत अशी होती, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य प्रवाह निघतो आणि त्याने समोरचा माणूस झोपी जातो. फारिया म्हणाला, माझ्या हातात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. त्याचं पुस्तक १८१९ साली निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. गोव्यात १९५७ साली मनोरुग्णांसाठी रुग्णालय निघालं तेव्हा त्याला याच माणसाचं नाव दिलं. आज ती संस्था बांबोळीला आहे.

फारियाकडून मी दोन गोष्टी घेतो. बरं होण्याची ताकद ज्याची त्याच्याच आत असते. पण वडील कानाशी लागून ते दोन शब्द बोलले नसते, तर ती ताकद त्या दिवशी आतच राहिली असती. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आपण मात्र कुठलीतरी एकच धरतो. ताकद तुझ्यातच आहे म्हणून आजारी माणसाला एकटं सोडतो, नाहीतर तुला काही जमणार नाही म्हणून त्याचं सगळं आपणच करत बसतो.

मनाचा आजार माणसाकडून काय काय काढून घेतो ते आधी पाहू. झोप जाते, भूक जाते, हे दिसतं. न दिसणारं नुकसान दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे उद्याचा दिवस जातो. उदास माणसाला पुढच्या महिन्याचं काही विचारा, तो गप्प बसतो. त्याच्यासाठी पुढचा महिना नावाची गोष्टच उरलेली नसते. दुसरं म्हणजे स्वतःच्या शब्दावरचा भरवसा जातो. सकाळी लवकर उठेन म्हणालो आणि उठलो नाही. शेतावर येतो म्हणालो आणि गेलो नाही. असं चार-सहा महिने झालं की माणूस स्वतःला खोटा समजू लागतो. मग त्याला कुणी म्हणतं, धीर धर. कुणी म्हणतं, मन खंबीर कर. कुणी म्हणतं, तुला काय कमी आहे? बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, पण आजाराने पहिला घास ज्या उमेदीचा घेतला, तीच आपण त्या माणसाकडे मागत असतो. तो देऊ शकत नाही, आणि आपल्याला तेवढंही जमत नाही हे त्याला नव्याने कळतं.

मग करायचं काय? याचं चांगलं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळालं आहे.

गोव्यात संगाथ नावाची संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता, की उदासीनतेचे रुग्ण गावोगावी आहेत, मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत आणि तेही शहरात. त्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्र न शिकलेली साधी माणसं निवडली, त्यांना काही आठवडे शिकवलं आणि तीव्र उदासीनता असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायला लावलं. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास. प्रयोगात ४९५ रुग्ण होते. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्यावर हे बोलणं मिळालं. तीन महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारात शंभरातल्या ३९ जणांची उदासीनता ओसरली होती, आणि सोबत बोलणं मिळालेल्यांत ६४ जणांची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे छापून आलं. वर्षभराने पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

आता हे बोलणं म्हणजे काय बोलायचं? मन हलकं कर, असं? मुळीच नाही. समजा, एक बाई महिनाभर अंथरुणात आहे. समुपदेशक तिला विचारते, आजारापूर्वी सकाळी उठल्यावर काय करायचात? बाई म्हणते, तुळशीला पाणी घालायची, मग शेजारणीशी दोन शब्द बोलायची. ठीक आहे, येत्या आठवड्यात तीन दिवस तुळशीला पाणी घालाल? मला बरं वाटत नाही, बाई म्हणते. बरं वाटलं पाहिजे असं मी म्हटलंच नाही, समुपदेशक सांगते, वाटो न वाटो, पाणी घालायचं आणि या कागदावर खूण करायची. पुढच्या आठवड्यात बाई येते. तीनऐवजी दोनच खुणा असतात. समुपदेशक त्या दोन खुणांवर बोलते. त्या दोन दिवशी पाणी घातल्यावर कसं वाटलं, आधी कसं होतं, नंतर कसं होतं. मग शेजारणीकडे जायचं ठरतं. कर्ज, भांडण, दारुडा नवरा अशी खरीखुरी अडचण असेल तर तिचे तुकडे करून त्यातला एक आधी हाताळायचा. असं सहा-आठ आठवडे चालतं.

आपण समजतो, आधी उत्साह येईल आणि मग हातून काम होईल. निरोगी माणसाचं बहुतेक तसंच चालतं. उदास माणसाचं उलटं असतं. त्याच्या बाबतीत आधी हात हलावा लागतो आणि उमेद मागाहून येते, कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. तिची वाट बघत अंथरुणात पडून राहिलं तर ती येत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी यामागचं कारण १९७७ साली नीट मांडलं. त्यांचे काही प्रयोग सापाला भिणाऱ्या माणसांवर होते. इथे दिग्गीत साप ही रोजची बाब, तुम्हांला हसू येईल. पण ती माणसं सापाचं चित्र पाहूनही थरथरायची. बांडुरांनी त्यांना समजावून सांगत बसण्यापेक्षा पायरीपायरीने साप हाताळायला लावलं. आधी दारातून बघायचं, मग पेटीजवळ जायचं, मग जाड हातमोजा घालून शिवायचं. शेवटी साप मांडीवर. पुढे त्यांना वेगळंच दिसलं. सापाची भीती गेलेली माणसं इतर बाबतींतही धीट झाली होती. बांडुरा म्हणतात, हे मला जमेल असा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः केलेल्या कामातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं पाहून, विश्वासातल्या माणसाने सांगितल्यामुळे आणि शरीराच्या बऱ्या-वाईट अवस्थेवरून. यात सगळ्यांत पक्की वाट पहिली. उपदेशाचा नंबर तिसरा, आणि आपण सगळे तिसऱ्याच वाटेवर गर्दी करतो.

आता घरचं सांगतो. दादा आजारापूर्वी रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. आजार आला आणि हत्यारांची पेटी कॉटखाली गेली. औषधं सुरू झाली, कानांत येणारे आवाज कमी झाले, पण माणूस बसून राहिला. आम्ही त्याला सांभाळायचो. त्याच्याशी हळू आवाजात बोलायचो. त्याने ताट उचललं तर शाबास म्हणायचो. तिशीतल्या पुरुषाला ताट उचलल्याबद्दल शाबासकी! त्याला काय वाटत असेल, हे आमच्या गावीही नव्हतं.

शेजारच्या मावशींचा मिक्सर एक दिवस बंद पडला. त्या सरळ आत आल्या आणि मिक्सर दादाच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, बघ रे जरा, उद्या श्राद्ध आहे. आम्ही मागून हातांनी नको-नको म्हणत होतो. मावशींनी आमच्याकडे बघितलंच नाही. दादाने पेटी काढली. एरवी अर्ध्या तासाचं काम, त्याने सगळी दुपार घेतली. औषधाने त्याची बोटं थरथरत होती, स्क्रू हातातून निसटायचे आणि तो जमिनीवर चाचपत बसायचा. संध्याकाळी मिक्सर फिरला. मावशींनी पैसे दिले आणि घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या, दारातूनच ओरडल्या, अरे, किती आवाज करतोय हा, कानठळ्या बसतात, पैसे घेतलेस ना?

आई कावरीबावरी झाली. दादा उठला, पेटी घेतली आणि चपला घालून मावशींच्या घरी गेला. आजारानंतर आपण होऊन घराबाहेर पडण्याची ती त्याची पहिली वेळ. त्या तक्रारीने जे केलं ते आमच्या शंभर शाबासक्यांनी केलं नव्हतं. तक्रार कारागिराकडे करतात, रोग्याकडे कुणी करत नाही. मावशींनी त्याला कारागीर धरलं. दादा आजही गोळ्या घेतो, आजही त्याचे वाईट दिवस येतात, पण आमच्या गल्लीत मिक्सर बिघडला की लोक त्याच्याकडे येतात आणि भावावरून घासाघीस करतात.

आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं पाहणं, ही बांडुरांची दुसरी वाट. महाराष्ट्रात तिचं मोठं उदाहरण पुण्याचं मुक्तांगण. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट, म्हणजे डॉ. अनिता अवचट, आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ऑगस्ट १९८६मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे नव्या रुग्णाशी बोलायला पुष्कळदा जो बसतो, तो स्वतः कधीकाळी तिथेच रुग्ण म्हणून आलेला असतो. डॉक्टरने, तू सुटशील, म्हटलं तर रुग्ण मनात म्हणतो, तुम्हांला काय माहीत? पण समोरचा जेव्हा सांगतो की मी बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायलोय आणि आज इथे बसलोय, तेव्हा त्याला काही उत्तर देता येत नाही. शिवाय सांगणाऱ्यालाही यातून काही मिळतं. ज्या भूतकाळाची त्याला लाज वाटायची, तोच आता कुणाच्यातरी उपयोगी पडतो.

इथे कुणी विचारेल, उदासीनता किंवा दारू ठीक आहे, पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात कसली उमेद? वेड लागलेला माणूस बरा होतो का? हा प्रश्न मी दादासाठी कितीतरी वर्षं मनात बाळगला. त्याचं उत्तर मला एका संख्याशास्त्रज्ञाच्या कामातून मिळालं.

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात, चांगल्या पगाराच्या घरातही हा आजार घराला किती एकटं पाडतो, ते त्यांनी अंगावर झेललं होतं. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे सा ही संस्था सुरू केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात, रुग्णांना दिवसभर यायला जागा आहे, करायला काम आहे. त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा देवराई हा चित्रपट २००४ साली आला. अतुल कुलकर्णींनी त्यात शेष नावाच्या तरुणाची भूमिका केली. कोकणातल्या देवराईत त्याचा जीव अडकलेला आहे आणि त्याच रानात त्याला आजाराचे भास होतात. तुमच्या भागात देवाचं रान म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मला त्या चित्रपटात आवडलं ते हे, की रानाला त्याने खलनायक केलं नाही आणि शेषलाही केलं नाही. मराठी घरांत जो शब्द दार लावून उच्चारायचे, तो त्या चित्रपटामुळे दिवाणखान्यात आला.

आकडाही सांगतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मनोरुग्णालयातून १९५०च्या दशकात २६९ रुग्ण घरी किंवा गावात परत पाठवले होते. वर्षानुवर्षं मागच्या वॉर्डात पडलेले, ज्यांच्याविषयी डॉक्टरांनीही आशा सोडली होती असे. पण त्यांना नुसतं सोडलं नाही. राहायला जागा, काम आणि पाठपुरावा यांची व्यवस्था केली. कोर्टनी हार्डिंग यांनी पुढे दोन-तीन दशकांनी या माणसांचा माग काढला आणि १९८७ साली निष्कर्ष छापले. अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत माणसं एकतर बरी झाली होती किंवा पुष्कळ सुधारली होती. सगळी नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण हा आजार म्हणजे उतारच, असं जे आपण धरून चालतो, ते चूक आहे.

आता बरं होणं म्हणजे काय, याबद्दल घरोघरी एक गैरसमज असतो. पूर्वीसारखा झाला म्हणजे बरा, अशी आपली व्याख्या. आमच्या आईने कित्येक वर्षं दादाचा कॉलेजातला फोटो भिंतीवर ठेवला होता आणि येईल त्याला दाखवायची, असा होता हो आमचा मुलगा. दादा तिथेच बसलेला असायचा. पूर्वीचा माणूस हे माप ठेवलं की आजचा माणूस कायम तोकडाच पडतो. गोळ्या चालू आहेत, कधी झोप उडते, गर्दीत जीव घाबरतो, आणि तरीही माणूस कमावतो, भांडतो, लग्नकार्याला जातो. याला मी बरं होणं म्हणतो. आजार कधी उलटतोही. तेव्हा, झालं, सगळं पाण्यात गेलं, असं म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी उठायला दोन वर्षं लागलेला माणूस दुसऱ्या वेळी लवकर उठू शकतो, कारण वाट त्याच्या पायाखालची असते. कुठल्या खुणा आधी दिसतात, कुणाला फोन करायचा, हे त्याला आणि घराला ठाऊक झालेलं असतं.

औषधांविषयी एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. इच्छाशक्तीने स्किझोफ्रेनिया जात नाही. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायलाही दोन ते चार आठवडे लागतात, आणि पुष्कळजण दहाव्या दिवशी, काही उपयोग नाही म्हणून त्या सोडतात. बरं वाटू लागलं म्हणून सोडणारेही असतात. गोळी कमी करायची, बंद करायची, ते डॉक्टरला विचारून. गोळीने माणूस उभा राहण्याजोगा होतो, चालायचं काम उरतंच, आणि आज मी बोलतोय ते त्या चालण्याविषयी.

देवाचंही बोलू. आमच्याकडे आणि तुमच्याकडेही मन बिघडलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. मी त्याला हसणार नाही. गाऱ्हाणं घालताना चार माणसं त्या एकासाठी जमतात, त्याचं नाव घेऊन देवाजवळ काही मागतात. आजारी माणसाला याचा आधार वाटू शकतो. माझं म्हणणं एवढंच, की गाऱ्हाणं घाला आणि दवाखान्याची गाडीही पकडा. मात्र अंगात आलंय म्हणून कुणी मारत असेल, बांधून ठेवत असेल, तर ते देवाचं काम नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणं बंद केलं आहे. त्याच कायद्याने उपचार मिळणं हा हक्क ठरवला. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस अतीव ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असंही त्यात लिहिलं आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात न नेणारी घरं आहेत. त्यांना हे सांगा.

आता या गावाकडे येतो. काळी नदी तुमच्या या डोंगरांत उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर धरण झालं, सुपं गाव पाण्याखाली गेलं, कितीतरी गावांची माणसं उठवून रामनगरला वसवली. घर, शेत, देव सोडून गेलेल्या त्या माणसांच्या मनाचं काय झालं, हे त्या वेळी कोण विचारणार होतं? तालुका पसरलेला, माणसं २०११च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास. मानसोपचारासाठी धारवाड गाठायचं, कारवार गाठायचं, नाहीतर घाट उतरून बांबोळी. पावसाळ्यात तर विचारूच नका. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला उपचारांची गरज असलेला मनाचा आजार आढळला, आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. इथे जमलेल्या गर्दीला तो हिशेब लावा.

तज्ज्ञ इथे कधी येतील ते येवोत. तोवर जे करता येईल ते सांगतो. त्याला पैसे लागत नाहीत.

टेलिमानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६. रात्री-अपरात्री, फुकट. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्ये बोलता येतं. रेंज मिळेल त्या माळावर जाऊन लावा. हा नंबर शाळेच्या, सोसायटीच्या, देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. कागद पहिल्या पावसात जातो.

कुणी, जगून काय करायचं, असं म्हणत असेल तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार मनात येतात का? विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने उलट माणूस बोलतो. मग त्याला एकटं ठेवू नका, घरातलं कीटकनाशक शेजाऱ्याकडे ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लावणीच्या दिवसांत आज तुम्ही माझ्या शेतात आणि उद्या मी तुमच्या, असं तुमच्याकडे चालतं. ज्या घरात कुणी आजारी पडलंय, त्या घराचा एखादा दिवस गावाने असाच वाटून घ्यावा. धारवाडला सोबत कुणी जायचं, त्या दिवशी गुरं कुणी बघायची, आईला चार तास झोप कधी मिळणार. आणि आजारी माणूस सावरू लागला की त्याच्याकडूनही परतफेड घ्यावी. ही शेवटची गोष्ट विसरू नका. घेणाऱ्याच्या बाजूला कायमचं बसवून ठेवलेला माणूस बरा होत नाही. जोयड्याच्या कंदांच्या मेळ्यात तुम्ही मुडली, कणगी, कारांदे मांडता, तिथे मोजायला त्याला बसवा. हिशेबात चुकला तर चूक दाखवा.

सभेत असे काहीजण असतील ज्यांना हे सगळं दुसऱ्याविषयी नाही, स्वतःविषयी ऐकल्यासारखं वाटलं असेल. त्यांच्याशी थोडं बोलतो. या व्याख्यानाने तुम्हांला उद्या सकाळी बरं वाटेल, असं मी म्हणणार नाही. बहुधा उद्याची सकाळ आजच्यासारखीच जड असेल. तुम्ही एकच काम आधी ठरवा, इतकं लहान की सांगायलाही लाज वाटावी. आंघोळ, गोठ्यापर्यंत फेरी, कुणाला तरी एक फोन. वाटो न वाटो, ते करा. झालं तर खूण करा. नाही झालं तर परवा करा. स्वतःवर विश्वास ठेवा, असंही मी तुम्हांला सांगत नाही, तो आत्ता नसेल तर कुठून ठेवाल? त्या खुणा साठू द्या. बऱ्याच साठल्या की तुमच्याविरुद्ध तुमचं मन जी साक्ष देतं, तिला उलटतपासणी करायला तुमच्या हातात कागद असेल. आणि तोवर तुमच्याविषयीचा विश्वास दुसऱ्या कुणाजवळ तरी ठेवायला द्या. आईजवळ, मित्राजवळ, डॉक्टरजवळ. आमच्या दादाचा मावशींजवळ होता, त्यालाही ते माहीत नव्हतं.

आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरं छापली आहेत, पण या विषयावर भर सभेत हात वर करणं किती अवघड, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी चहाच्या वेळी बाहेर फणसाखालच्या बाकावर बसणार आहे आणि शेवटची गाडी निघेपर्यंत तिथेच असेन. एकेकटे या. माझ्या एका ओळखीच्या माणसाचं असं असं होतंय, अशी सुरुवात केलीत तरी चालेल. तो ओळखीचा माणूस कोण, हे मी विचारणार नाही.